साडेसतरा हजार रुपये आणि सोमवारची संध्याकाळ

प्रकरण सगळं मिळून साडेसतरा हजार रुपयांचं आहे. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात टिटोरा नावाचं गाव आहे. तिथल्या एका दलित मुलाला जून २०२४मध्ये आयआयटी धनबादला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची जागा मिळाली. ती पक्की करायला लागणारी रक्कम मुदतीत भरता आली नाही, म्हणून गेली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती परत मिळवून दिली. त्या वेळी मुलाचं नाव, वडिलांचं नाव, घराचे फोटो, सगळं छापून आलं. इथे नाव घेत नाही, त्याची गरजही नाही.

बातम्यांचा सूर ‘गरिबीवर मात’ असा होता. मला या प्रकरणात वेगळंच काहीतरी दिसतं. आपल्याकडे गरीब घरातल्या मुलांसाठी फीमाफी आहे, शिष्यवृत्त्या आहेत, कर्जं आहेत, व्याजाची सवलतही आहे. पण हे सगळं दाराच्या आत गेल्यावर सुरू होतं. दारावर लागणारे पैसे मात्र रोख लागतात, आपलेच लागतात आणि ठरलेल्या तासाच्या आत लागतात.

आधी तयारीबद्दल, कारण तिथे कुठे कमी पडलं असं कुणाला वाटू नये. वडील रोजंदारीवर, दिवसाला साधारण ४५० रुपये. घर दारिद्र्यरेषेखालचं. तरीही याच घरातला एक थोरला भाऊ आयआयटी खरगपूरला आणि दुसरा एनआयटी हमीरपूरला गेलेला. म्हणजे ‘अशा लोकांना माहितीच नसते हो’ हे जे आपण पटकन बोलून मोकळे होतो, ते इथे लागू पडत नाही. जोसा (आयआयटी-एनआयटींच्या जागा वाटणारी केंद्रीय व्यवस्था) म्हणजे काय, फेऱ्या कशा होतात, फ्रीझ-फ्लोट (मिळालेली जागा कायम ठेवायची की पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघायची) काय असतं, हे त्या घराला पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांपेक्षा जास्त ठाऊक असणार. मुलाने तयारी केली ती कानपूरच्या एका मोफत वर्गात. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि ही त्याची दुसरी, म्हणजे शेवटची वेळ होती. २६ मे २०२४ला झालेल्या त्या परीक्षेत दोन्ही पेपर दिलेले १,८०,२०० विद्यार्थी होते, पात्र ठरले ४८,२४८ आणि तेवीस आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या १७,७४०. अनुसूचित जातींच्या यादीत त्याचा क्रमांक १४५५.

परीक्षेच्या तयारीसाठी मदत करणारे हात आता बरेच आहेत, हे मान्य करायला हवं. आपल्याकडेही राजगुरुनगरजवळ कडूसला दक्षणा फाउंडेशन जेईई-नीटची निवासी तयारी फुकट करून घेतं. नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांना टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देऊन ऑनलाइन वर्ग चालवते. परीक्षेची फीसुद्धा कमी असते. २०२४च्या ॲडव्हान्स्डला सर्वसाधारण मुलांना ३,२०० रुपये होते, अनुसूचित जाती-जमातींना १,६००. देणगीदारालाही यात समाधान असतं, कारण वर्ग दिसतो, मुलं दिसतात, निकालाचा फलक लावता येतो. निकाल लागला की मात्र हे सगळे हात आपापलं काम संपलं म्हणून बाजूला होतात, आणि खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते.

आता वेळापत्रक बघा. निकाल ९ जूनला लागला. दुसऱ्या दिवशी जोसाची नोंदणी सुरू झाली. पहिल्या फेरीची जागावाटप यादी आली २० जूनला, गुरुवारी. ज्याला जागा मिळाली त्याने ती स्वीकारायची, कागदपत्रं चढवायची आणि शुल्क भरायचं. मुदत सोमवार, २४ जून, संध्याकाळी पाचपर्यंत. कागदावर चार दिवस दिसतात. पण मधला शनिवार २२ जून हा महिन्यातला चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. रविवारी बंद. ज्याच्याकडे पैसे तयार आहेत त्याला याने काही फरक पडत नाही. घरबसल्या रात्री बारा वाजताही भरता येतात. पण ज्याला पैसे उभे करायचे आहेत, सोसायटीत किंवा बँकेत जाऊन बोलायचं आहे, सोनं गहाण ठेवायचं आहे, त्याच्या हातात शुक्रवारचा एक दिवस आणि सोमवारचा अर्धा उरतो. ४५० रुपये रोजाने साडेसतरा हजार म्हणजे एकोणचाळीस दिवसांची मजुरी, तीही त्यातलं काहीच न खाता-पिता.

वडिलांनी एका सावकाराशी बोलणी करून ठेवली होती. त्याने ऐन वेळी हात वर केले. मग ओळखीपाळखीच्या लोकांनी थोडे थोडे करून रक्कम जमवली. ती भावाच्या खात्यावर आली तेव्हा पावणेपाच झाले होते. मुलाने लॉगिन केलं, कागदपत्रं चढवली, पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत पाच वाजले आणि पोर्टल बंद झालं.

यात एक नियम असा आहे की त्यामुळे चूक साधी राहत नाही. मुदतीत शुल्क भरलं नाही तर नुसती ती जागा जात नाही. पुढच्या सगळ्या फेऱ्यांतूनही विद्यार्थी बाहेर पडतो. पहिल्या फेरीत पंधरा मिनिटं कमी पडली म्हणून दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागांसाठीसुद्धा त्याचा विचार होत नाही. आणि तिसऱ्यांदा परीक्षा देता येत नाही. दोन वर्षांचा अभ्यास, तिथेच संपला.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. सर्वोच्च न्यायालयात जोसा आणि आयआयटीच्या वतीने सांगितलं गेलं की या विद्यार्थ्याने दुपारी तीनच्या सुमारालाच लॉगिन केलेलं दिसतं, म्हणजे तो अगदी शेवटच्या क्षणी आला असं नाही. शिवाय एसएमएस आणि व्हॉट्सॲपवर वारंवार आठवणी पाठवल्या होत्या, शुल्काची सूचना आधीपासून होती. मुद्दा म्हणून हे चुकीचं नाही. पण तीनला लॉगिन करून पैसे न भरणारा माणूस निष्काळजी असतो, हा निष्कर्ष खिशात पैसे असलेल्या माणसाचा आहे. पैसे वाटेत असतात तेव्हा माणूस ते पान दहादा उघडून बघतो. न्यायालयानेही साधारण हेच विचारलं: पैसे असते तर याने ते का भरले नसते?

हे शुल्क मुळात का आहे, तेही सांगतो, कारण ते दुष्टपणाने लावलेलं नाही. एकच विद्यार्थी दोन-तीन ठिकाणी जागा अडवून बसतो, शेवटी एक घेतो आणि बाकीच्या रिकाम्या राहतात. त्यासाठी थोडे पैसे घेतले की ज्याला खरंच यायचं आहे तोच ‘हो’ म्हणतो. यातली बहुतेक रक्कम पुढे संस्थेच्या शुल्कात वळती होते, म्हणजे जास्तीचा भुर्दंड फारसा नाही. अडचण अशी की इच्छा मोजण्यासाठी काढलेलं हे माप रोकड मोजतं. डॉक्टरच्या मुलाला साडेसतरा हजार सोडून देणं परवडतं, म्हणून तो हवी तर जागा अडवूनही ठेवू शकतो. रोजंदारीवरच्या माणसाच्या मुलाला जागा अडवून ठेवायची चैन मुळात परवडतच नाही, आणि नेमका तोच या गाळणीत अडकतो.

याच्या पुढचा भाग वाचून मला खरोखर चीड आली. आयआयटीत बीटेकचं शिक्षण शुल्क २०१६पासून वर्षाला दोन लाख रुपये आहे. पण अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ असतं. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, त्यांनाही पूर्ण माफ, मग प्रवर्ग कोणताही असो. एक ते पाच लाखांच्या मधल्यांना दोन तृतीयांश माफ. म्हणजे या मुलाला चार वर्षांचं आठ लाख शिक्षण शुल्क द्यायचंच नव्हतं. वर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची अनुसूचित जातींसाठी ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. यादीतल्या संस्थांमध्ये, ठरावीक जागांपुरती ती मिळते. पुस्तकं, लॅपटॉप, राहणं-जेवण यासाठी पहिल्या वर्षी ८६,००० आणि पुढे दरवर्षी ४१,००० रुपये भत्ता. सरकार ज्या मुलावर लाखो रुपये खर्च करायला कायद्याने तयार होतं, तो त्याच सरकारच्या संकेतस्थळावर साडेसतरा हजारांसाठी अडला.

कर्जाचं काय, असं कुणी विचारेल. शैक्षणिक कर्ज प्रवेश झाल्याच्या पत्रावर मिळतं. बँक आधी विचारते, प्रवेश झाला का, संस्थेचं पत्र आणि वर्षवार खर्चाचा तक्ता दाखवा. मग मंजुरी, मग संस्थेच्या खात्यावर थेट रक्कम. हा क्रम बँकेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण जागा पक्की करण्याचे पैसे या साखळीच्या आधी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. सुरुवातीला ८६० चांगल्या संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार नसताना कर्ज, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. योजना चांगली आहे, मी ती अनेकांना सुचवतो. पण तीही सुरू होते प्रवेशानंतरच. टिटोऱ्याच्या सोमवारी ती असती तरी उपयोगाची नव्हती.

जागा गेल्यावर हे कुटुंब गप्प बसलं नाही, इथे त्या घराची ताकद दिसते. आधी राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग. तिथे असमर्थता दाखवली गेली. मग झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे जायला सुचवलं, कारण त्या वर्षीची ॲडव्हान्स्ड आयआयटी मद्रासने घेतली होती. मुजफ्फरनगरच्या मजुराने धनबादच्या जागेसाठी चेन्नईला दाद मागायची! तिथली याचिका मागे घेऊन शेवटी दिल्ली. २४ सप्टेंबरला नोटीस, ३०ला निकाल. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने घटनेचं कलम १४२ वापरलं आणि त्याच वर्गात, त्याच तुकडीत प्रवेश द्यायला सांगितलं. दुसऱ्या कुणाची जागा काढायची नाही, लागली तर अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्तीची, जागा तयार करायची, वसतिगृहासह सगळ्या सोयी द्यायच्या. लगेच मदतीचे हात पुढे आले, काही ज्येष्ठ वकिलांनी फी भरायची तयारी दाखवली, उत्तर प्रदेश सरकारनेही खर्च उचलायचं जाहीर केलं. जूनमध्ये साडेसतरा हजार देणारा मिळत नव्हता आणि ऑक्टोबरमध्ये देणाऱ्यांची रांग लागली.

कलम १४२ म्हणजे ‘संपूर्ण न्याय’ करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला दिलेला खास अधिकार. त्याने हातातल्या एका माणसाला न्याय मिळतो. नियम तसाच राहतो. हे मी हवेत बोलत नाही, कारण त्याच्या तीन वर्षं आधी हेच एकदा घडून गेलं होतं आणि ते मुंबईत घडलं होतं. ऑक्टोबर २०२१मध्ये एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत सिव्हिल इंजिनीअरिंगची जागा मिळाली. १५,००० रुपये भरायचे होते, पैसे नव्हते, बहिणीने पाठवले. शेवटच्या दिवशी त्याने कार्डाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, सायबर कॅफेत जाऊनही केला, पण तांत्रिक बिघाडाने व्यवहार होईना. मुदत दुपारी बाराची होती. त्या वर्षी परीक्षा आयआयटी खरगपूरकडे होती, म्हणून तो उसने पैसे घेऊन थेट खरगपूरला गेला. तिथेही असमर्थता दाखवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. २२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठेचाळीस तासांत जागा द्या असा आदेश दिला. पीठावर तेव्हाही न्या. चंद्रचूड होते.

दोन प्रकरणं, मध्ये तीन वर्षं. पहिल्या निकालानंतर जोसाच्या नियमावलीत एक ओळ जरी वाढली असती तर दुसरं प्रकरण न्यायालयात आलंच नसतं. दिल्लीपर्यंत न पोचलेल्या मुलांचा हिशेब तर कुणीच ठेवत नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, जागा स्वीकारायला १,००० रुपये लागतात. या बाबतीत आपली व्यवस्था जोसापेक्षा माणसात आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. पण दार थोडं पुढे सरकलं आहे इतकंच. ते आता कॉलेजच्या फी काउंटरवर आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क कॅपमधून प्रवेश घेतला असेल तर पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. हा मोठा निर्णय आहे. तरी मुलगी प्रवेशाला जाते तेव्हा काउंटरवर आधी पूर्ण रक्कम भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ, असं सांगणारी कॉलेजं भेटतात. पात्र विद्यार्थिनींकडून ते शुल्क घेऊ नका असं शासनाने बजावलेलं आहे, पण प्रवेशाची मुदत संपायच्या दिवशी काउंटरवर शासन निर्णय वाचून दाखवायची हिंमत कुठल्या बापात असते? त्यात विकास शुल्क माफीत येत नाही, वसतिगृह आणि मेसची अनामत येत नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा पैसा आधार जोडलेल्या खात्यावर येतो खरा, पण प्रवेशाच्या दिवशी नाही, त्यानंतर महिन्यांनी. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीची जागा, घेतलं तर शिक्षण शुल्क मुळातच लागत नाही. मात्र पसंतीक्रमात त्याचा वेगळा कोड भरावा लागतो आणि तो न भरलेली हुशार मुलं दरवर्षी दिसतात.

यंदा ज्यांच्या घरात जेईई किंवा सीईटी आहे त्यांनी अभ्यासाइतकंच जागा पक्की करायच्या त्या आठवड्याचं नियोजन करावं. जोसासाठी तीन गोष्टी. जागा लागली त्याच दिवशी ‘स्वीकार’ आणि कागदपत्रं चढवणं उरकून घ्या, फक्त पैसे भरायचं पान शिल्लक ठेवा. टिटोऱ्यात शेवटची पंधरा मिनिटं कागदपत्रांतही गेली. दुसरं, ज्या खात्यावरून पैसे जाणार ते खातं, नेटबँकिंग आणि त्याची रोजची मर्यादा मे महिन्यातच तपासा. यूपीआय नव्या मोबाइलवर सुरू केलं तर पहिले चोवीस तास ५,००० रुपयांच्या वर जात नाही, हे अनेकांना ऐन वेळी कळतं. तिसरं, जातीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, ओबीसी नॉन-क्रिमीलेअर त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं लागतं, आणि आपल्याकडचं एसईबीसी प्रमाणपत्र तिथे चालत नाही. सेतू केंद्रावर राज्याच्या नमुन्यातलं आणि केंद्राच्या नमुन्यातलं असे दोन वेगळे दाखले मागावे लागतात.

पण हे सगळं विद्यार्थ्याच्याच डोक्यावर टाकून चालणार नाही. जोसाने दोन बदल केले तरी पुरे: शुल्क चुकलं तर ती जागा जाऊ दे, पण पुढच्या फेरीत नाव राहू दे, आणि ज्याचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ होणार आहे त्याच्याकडून पैशाऐवजी हमीपत्र घ्या. ते होईपर्यंत बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांना एक सोपं काम करता येईल. आपल्या वर्गातून जेईईला बसलेल्या मुलांसाठी जून-जुलैपुरता फिरता निधी ठेवायचा. शंभर मुलांना साडेसतरा हजार म्हणजे साडेसतरा लाख, आणि शिष्यवृत्तीचे पैसे आले की त्यातले बहुतेक परत येतील. एका टॅबवाटपाच्या कार्यक्रमाच्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. त्यातली खरी अट एवढीच की अर्ज आल्यापासून चोवीस तासांत पैसे खात्यावर पोचले पाहिजेत, आणि त्यासाठी सही करणारा एक अधिकारी शनिवारी-रविवारीही फोनवर सापडला पाहिजे.